वाळूच्या दांड्यावरचं घर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावकराला समुद्र तसा लांब नाही. पहाटे निघून आंबोली उतरली की दुपारचं जेवण मालवणात, चोर्ला घाट उतरला की गोवा, रामनगरवरून खाली गेलं की कारवार. पूर्वी आपण फिरून, मासे खाऊन परत यायचो. आता परत येताना खिशात एखाद्या प्लॉटचा नकाशा असतो. दुसरीकडे घरोघरची मुलं अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि त्यातली काही फ्लोरिडा, टेक्सासच्या किनाऱ्यावर घर घ्यायच्या बेतात आहेत. जमिनीचे कागद आणि प्रत्यक्ष जागा तपासून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हे दोन्ही प्रकारचे लोक माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वाळूचं बेट म्हणजे नक्की काय? सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट त्यात येतं का?

येत नाही. किल्ला कुरटे बेटावर आहे आणि ते खडकाचं आहे. इथे विषय आहे तो किनाऱ्याला समांतर पसरलेल्या, लांबच लांब आणि अरुंद अशा निव्वळ वाळूच्या पट्ट्याचा. पुढे उघडा समुद्र, मागे खाडी किंवा खाजण आणि पलीकडे खरी जमीन, अशी त्याची रचना. शाळेच्या भूगोलात वाळूचा दांडा आणि खाजण यांची आकृती काढली असेल, तेच हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात अशा बेटांची माळच आहे. टेक्सासचं पाद्रे बेट तर सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. आपल्याकडे ओडिशात चिलिका सरोवराच्या पुढचा दांडा आणि आंध्रात जिथून रॉकेटं उडतात ते श्रीहरिकोटा ही त्याचीच उदाहरणं.

असा पट्टा एका टोकाला जमिनीला जोडलेला असला तर तो काटेकोरपणे बेट ठरत नाही, पण स्वभाव तोच. तारकर्लीहून देवबागला जाताना एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी असते. काही ठिकाणी या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत पाच मिनिटांत चालत जाता येतं. तिथे तुम्ही वाळूच्या दांड्यावरच उभे असता. कारवारला काळी नदीच्या मुखाशी दुसरं देवबाग आहे, तेही वाळूवरच. आपली मंडळी दोन्हीकडे जातात आणि दोन्हीकडे भाव विचारून येतात.

हे पट्टे हजारो वर्षं टिकले आहेत. आपल्या एका दोन मजली घराने त्यांचं काय बिघडणार?

पट्टा टिकला हे खरं, पण तो एका जागी राहून टिकलेला नाही. मोठ्या वादळात लाटा दांड्याच्या माथ्यावरून जातात आणि पुढची वाळू उचलून मागच्या खाजणात नेऊन टाकतात. पुढून झिजायचं आणि मागे भर पडायची. सतरंजी एका बाजूने गुंडाळत पुढे सरकवावी तसा अख्खा पट्टा हळूहळू जमिनीच्या दिशेने सरकतो. रुंदी तेवढीच, उंची जवळपास तेवढीच, जागा मात्र बदललेली. शिवाय किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह एका टोकाची वाळू दुसऱ्या टोकाला नेत असतो, म्हणून नदीची तोंडंही सरकतात, बुजतात, नवीन फुटतात.

आता यात घर आणा. घराला समुद्र दिसायला हवा म्हणून पहिल्यांदा वाळूची टेकडी सपाट होते. तिच्यावरची मर्यादवेल उपटली जाते. ही वेल आणि गवतच उडती वाळू अडवून टेकडी वाढवत असतात. मग रस्ता, कंपाउंड, लॉन. वादळाने वाळू रस्त्यावर आणून टाकली की दुसऱ्या दिवशी जेसीबी ती ढकलून परत पुळणीवर टाकतो, कारण वाहनं गेली पाहिजेत. म्हणजे जी वाळू मागे जाऊन पट्ट्याची उंची आणि रुंदी राखणार होती, तिला आपण मागे जाऊच देत नाही. पट्टा पुढून झिजत राहतो आणि मागून भरत नाही. एका घराने हे होत नाही, पण किनाऱ्यावर एकच घर कधी होतं का? पहिल्याला परवानगी मिळाली की शेजारचा प्लॉट महिन्याभरात विकला जातो.

वादळात घर पडतं ते वाऱ्याने ना? मग आरसीसी बांधलं की झालं.

वारा पत्रे उडवतो, माड मोडतो. घर नेतं ते पाणी. चक्रीवादळाचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटतो, उथळ समुद्रात त्याला पसरायला खोली मिळत नाही, मग पातळीच काही मीटरने चढते आणि त्या चढलेल्या पातळीवर लाटा स्वार होऊन येतात. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ते वेगाने भिंतीवर आदळत राहतं. पण आरसीसी घरांचा घात बहुतेक वेळा भिंतीने होत नाही. पायाखालची वाळू धुपते आणि चांगलं धडधाकट घर कलंडतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वादळ पुढे सरकलं की वाऱ्याची दिशा फिरते. तोवर मागच्या खाडीत तुडुंब पाणी साठलेलं असतं, ते समुद्राकडे परत निघतं आणि वाटेतला सर्वांत सखल भाग कापत जातं. पट्टे तुटतात ते अनेकदा असे पाठीमागून. खाडीच्या बाजूला प्लॉट आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं सांगणाऱ्या दलालाला हे एकदा विचारून बघा.

असं अख्खं गाव किंवा वसाहत गेल्याचं खरंखुरं उदाहरण आहे का?

आपल्याच देशातलं धनुष्कोडी. रामेश्वर बेटाच्या टोकाला वाळूच्या जिभेवर वसलेलं हे चांगलं नांदतं गाव होतं. रेल्वे स्टेशन, पोस्ट, कस्टम कचेरी, लंकेला जाणाऱ्या बोटींचा धक्का, सगळं होतं. १९६४ साली २२ आणि २३ डिसेंबरच्या मधल्या रात्री चक्रीवादळाची लाट आली. पांबनहून आलेली पॅसेंजर गाडी शंभरावर प्रवाशांसह गेली, गाव गेलं, पांबनचा रेल्वेपूल मोडला. पूल दुरुस्त झाला. गाव मात्र सरकारने वस्तीला अयोग्य ठरवलं. रामेश्वरची यात्रा करून आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी ते पडकं चर्च आणि स्टेशनचे अवशेष पाहिले आहेत, फोटोही काढले आहेत. तीच मंडळी पुढच्या वर्षी दांड्यावर प्लॉट विचारतात तेव्हा मला खरंच कळत नाही काय बोलावं.

अमेरिकेतलं गॅल्व्हेस्टन हे याहून मोठं प्रकरण. टेक्सासमधलं श्रीमंत बंदर, पूर्ण शहर वाळूच्या बेटावर, सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आत. ८ सप्टेंबर १९०० रोजी पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढलं. मेलेल्यांचा आकडा किमान सहा हजार, बहुतेक ठिकाणी आठ हजार दिला जातो. आजवरची अमेरिकेतली सर्वांत जीवघेणी नैसर्गिक आपत्ती हीच. त्यानंतर त्यांनी सतरा फूट उंचीची भिंत बांधली आणि हजारो इमारती जॅकवर उचलून खाली वाळूचा गाळ पंप करून शहराची जमीनच वर आणली. १९१५ च्या वादळात भिंत टिकली आणि शहर वाचलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण भिंतीपुढची पुळण नाहीशी झाली आणि तोवर बंदराचा धंदाही ह्यूस्टनकडे वळू लागला होता.

मला स्वतःला सांगायला आवडतं ते असाटीग बेटाचं उदाहरण, कारण त्यात आपल्यासारखे प्लॉटवाले आहेत. मेरीलँड राज्यातल्या या ओसाड वाळूच्या बेटावर १९५० च्या दशकात बिल्डरांनी हजारो प्लॉट पाडले. बेटाच्या लांबीने डांबरी रस्ता घातला आणि त्याला बाल्टिमोर बुलेव्हार्ड असं झोकदार नाव दिलं. शहरातल्या मध्यमवर्गीयांनी हप्त्यावर प्लॉट घेतले. मार्च १९६२ मध्ये वादळ आलं. ते चक्रीवादळही नव्हतं, हिवाळी वादळ होतं, पण एकामागून एक पाच भरत्या होईपर्यंत ते हललं नाही. प्रत्येक भरतीला लाटा आदल्या भरतीपेक्षा आत. तिथे जी मोजकी घरं उभी राहिली होती त्यांतली बहुतेक गेली आणि रस्ता तुकड्या-तुकड्यांनी उखडला. आता परत बांधायचं की नाही यावर वाद झाला, आणि १९६५ साली सरकारने जमीन ताब्यात घेऊन राष्ट्रीय सागरकिनारा जाहीर केला. त्या बुलेव्हार्डच्या डांबराचे तुकडे आजही वाळूत सापडतात. त्याच बेटाच्या उत्तरेला, खाडीपलीकडे, ओशन सिटी आहे. तिथे बांधकाम थांबलं नाही, उंच उंच हॉटेलं उभी राहिली, आणि ती पुळण राखायला आज सतत बाहेरून वाळू आणून घालावी लागते. एकाच वादळाने झोडपलेली दोन शेजारची बेटं, एक सोडून दिलेलं आणि एक पैसे ओतून धरून ठेवलेलं.

देवबागला तर सरकारने दगडी बंधारा घातलाय. मग भीती कसली?

धूपप्रतिबंधक बंधारा घरांना काही काळ वाचवतो, त्याबद्दल दुमत नाही. ज्या गाबीत (मासेमारी करणाऱ्या) कुटुंबांची घरं पाण्यापासून पंधरा पावलांवर आली आहेत त्यांनी बंधारा मागितला तर त्यांना कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

पण बंधारा पुळण वाचवत नाही. उतरत्या वाळूवर लाट पसरते, तिचा जोर जिरतो. दगडावर ती आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. काही वर्षांनी बंधाऱ्यापुढे ओहोटीलासुद्धा चालायला जागा उरत नाही. बंधारा जिथे संपतो तिथे लाटेचा सगळा राग निघतो, म्हणून टोकाच्या घरांची धूप वाढते, मग तिथले लोक बंधारा पुढे वाढवून मागतात, मग त्याच्या पुढचे. नदीच्या तोंडाशी बोटींसाठी समुद्रात धक्का घातला की तेच होतं. ओशन सिटीजवळ १९३३ च्या वादळाने नवीन तोंड फुटलं, ते कायम राहावं म्हणून दोन्ही बाजूंना दगडी भिंती घातल्या गेल्या. उत्तरेकडून येणारी वाळू तिथेच अडली आणि दक्षिणेचं असाटीग उपाशी राहून शेकडो मीटर मागे सरकलं.

बंधाऱ्याचा सर्वांत मोठा तोटा मात्र दगडाचा नाही, मनाचा आहे. बंधारा झाला की मागच्या जमिनीचा भाव चढतो, जिथे मांगर होता तिथे तीन मजली लॉज उभं राहतं. पूर्वीच्या वादळात दोन झोपड्या गेल्या असत्या, पुढच्या वादळात दोन कोटींची इमारत जाईल.

वाळू आणून टाकता येत नाही का?

येते. मायामी बीचवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच चाललं आहे. समुद्राच्या तळाची वाळू उपसून किनाऱ्यावर पसरायची, काही वर्षांनी ती वाहून गेली की परत पसरायची. पैसा आणि वाळू दोन्ही संपेपर्यंत चालतं.

मुलगा फ्लोरिडात घर घेतोय. म्हणतो, "बाबा, घर खांबांवर आहे, विमा आहे, काही होत नाही." काय सांगू?

त्याला २८ सप्टेंबर २०२२ ची आठवण करून द्या. इयान चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं. फोर्ट मायर्स बीच या बेटावर पाणी दहा ते पंधरा फूट चढलं. शेजारच्या सॅनिबेल बेटाला जोडणारा एकमेव रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि सामान्य लोकांना त्यावरून जाता येईपर्यंत सुमारे तीन आठवडे गेले. यातली गंमत म्हणा की दुर्दैव, सॅनिबेलच्या लोकांनी १९७४ मध्ये स्वतःची नगरपालिका स्थापन केली होती ती मुळात बेधडक बांधकामाला आवर घालायलाच. तिथे उंच इमारती नाहीत, झाडी राखलेली आहे. तरी तडाखा बसला. एवढी काळजी घेऊनही ही गत, तर जिथे काळजीच घेतली नाही तिथलं काय, असा याचा अर्थ मी लावतो.

खांबांचा उपयोग होतो, पण पाणी खालून जाण्यापुरता. जमीनच गेली तर खांब काय करणार? नॉर्थ कॅरोलिनातल्या रोडँथी गावात २०२० पासून दहापेक्षा जास्त घरं समुद्रात कोसळली आहेत. ती सगळी खांबांवरच होती. पुळण मागे सरकली, घराखाली लाटा खेळायला लागल्या, सेप्टिक टाकी उघडी पडली आणि एका भरतीला खांब मोडले. फळ्या, खिळे, फोम मैलोन्‌मैल किनाऱ्यावर पसरले. त्याच किनाऱ्यावरचं हॅटेरासचं दीपगृह १८७० मध्ये पाण्यापासून १५०० फुटांवर बांधलं होतं. समुद्र जवळ येत गेला तेव्हा १९९९ मध्ये अख्खं दीपगृह रुळांवर ठेवून २९०० फूट आत नेलं. ते सरकारी होतं म्हणून जमलं.

विम्याबद्दल मुलाला थेट प्रश्न विचारा. अमेरिकेतल्या साध्या गृहविम्यात पुराचं नुकसान येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी पूरविमा राहत्या घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देतो, घर दहा लाखांचं असलं तरी. पॉलिसी नव्याने घेतल्यावर ती लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात, म्हणजे वादळाची बातमी ऐकून विमा काढता येत नाही. घराचं नुकसान त्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झालं तर नव्या नियमाप्रमाणे ते उचलून बांधावं लागतं, तो खर्च वेगळा. आणि १९८२ च्या एका कायद्याने काही वाळूची बेटं अशी नेमून दिली आहेत की तिथे सरकारी पूरविमा मिळतच नाही. फ्लोरिडात ऑक्टोबर २०२४ पासून विकणाऱ्याला पुराविषयीची माहिती लेखी द्यावी लागते. ती मागून घ्यायला सांगा. पाहुण्यांसमोर समुद्राचा फोटो दाखवायला हे घर छान आहे, निवृत्तीची पुंजी अडकवायला नाही.

पण चक्रीवादळं बंगालच्या उपसागरात येतात. आपल्या बाजूला कुठे?

हे आता जुनं झालं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच दाखवून दिलंय की गेल्या दोनेक दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढली आहेत. २००९ मध्ये फयान, २०१९ मध्ये क्यार, ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. यातलं तौक्ते सिंधुदुर्गात आलंच नाही, समुद्रातूनच वर सरकत गेलं आणि १७ मे रोजी गुजरातेत ऊना-दीवजवळ किनाऱ्याला लागलं. तरी मालवणात माड आडवे झाले, बोटी फुटल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. क्यार तर ओमानच्या दिशेने गेलं, इकडे त्याचं फक्त उधाण आलं आणि पाणी घरांपर्यंत पोचलं. वादळ थेट दांड्यावर आलेलं आपल्या पिढीने बघितलेलं नाही, एवढंच.

दलाल म्हणतो "सीआरझी क्लिअर आहे". त्यावर विश्वास ठेवावा का?

तोंडी अजिबात नाही. सीआरझीची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि त्याहून कमी असेल तर २०० मीटर बांधकामबंदी. वाळूच्या टेकड्या तर सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येतात. म्हणजे "टेकडी सपाट करून देतो" असं जो सांगतो तो तुम्हाला गुन्ह्यातच भागीदार करतो आहे. खाडीच्या बाजूने वेगळं अंतर मोजलं जातं, आणि अरुंद दांड्यावर दोन्हीकडून मोजत आलं की मध्ये काही उरतं का ते नकाशावर पट्टी ठेवून बघा.

यातली मेख अशी की भरतीरेषा कागदावर स्थिर आहे आणि जमिनीवर सरकते आहे. सरकारने धोका रेषाही आखून घेतली आहे. येत्या काळात समुद्र कुठवर येऊ शकतो त्याचा अंदाज त्यात आहे. पण २०१९ च्या अधिसूचनेत ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरायची आहे, बांधकाम अडवण्यासाठी नाही. म्हणून परवानगी मिळाली याचा अर्थ जागा सुरक्षित आहे असा होत नाही. मला विचाराल तर ही त्या अधिसूचनेतली सर्वांत मोठी भोकं पडलेली जागा आहे.

आणि परवानगीच चुकीची निघाली तर? कोचीजवळच्या मरडूमध्ये पंचायतीने परवानगी दिली, लोकांनी फ्लॅट घेतले, कर भरला, राहायला आले. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते किनारा नियमांचा भंग ठरवले. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चारही संकुलं स्फोटकं लावून पाडली. फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई २५ लाख रुपये. अख्ख्या देशाने ते टीव्हीवर बघितलं.

गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात की. त्यांना चालतं, आपल्याला का नाही?

ते कसे राहत आले ते बघा. घर टेकडीच्या मागे, माडाच्या आडोशाला, बसकं. पुढची पुळण रापणीला आणि होड्या ओढायला मोकळी. पाणी चढलं की सामान उचलून नातेवाइकांकडे, उतरलं की परत. घरात अडकलेला पैसा कमी. समुद्रालाच तोंड करून काचेची भिंत बांधायची कल्पना घाटावरून आलेली आहे. आता गावातल्या पोरांनीही निवास-न्याहारीसाठी मजले चढवलेत, ते काही सगळे शहाणे आणि आपण सगळे वेडे असं नाही. पण त्यांचं पोट तिथे आहे. आपलं नाही.

विहिरीला गोडं पाणी आहे, मग बोअर मारली तर चालेल ना?

वाळूखालचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा थर. ढोबळ हिशेब असा: समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. वरचा एक फूट उपसला की खालून चाळीस फूट खारं वर सरकतं. पाच खोल्यांचं लॉज, त्यात शॉवर, लॉनला पाणी, आणि शेजारी वाळूतच मुरणारी सेप्टिक टाकी. पुढचं सांगायला नको.

आपल्या बेळगावला समुद्रच नाही. या सगळ्याशी आपला संबंध काय?

पहिला संबंध पैशाचा, तो वर आलाच. दुसरा वाळूचा. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या अशा नद्याच किनाऱ्याला वाळू पुरवतात. वर धरणं बांधली, पात्रातली वाळू डंपरने उपसली, की खाली पुळणीला रसद कमी पडते. म्हादईच्या पाण्यावर आपल्याकडे कितीही वाद होतात, त्यातल्या वाळूबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

तिसरा संबंध अनुभवाचा. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात का घुसतो, हे तिथला कुठलाही शेतकरी सांगेल. नाला गाळाने आणि जलपर्णीने भरला, काठावर अतिक्रमणं झाली, पाण्याला पसरायची जागा राहिली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणी, चिकोडी, गोकाककडे काय झालं ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पाण्याच्या जागेत बांधकाम केल्यावर काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको होतं.

मग सरकार परवानगी का देतं?

पर्यटनातून पैसा येतो, मतं येतात, आणि नुकसान झालं की भरपाई दुसऱ्या खात्यातून जाते. अमेरिकेत १९८२ मध्ये यावर एक सोपा तोडगा काढला. नेमून दिलेल्या बेटांवर बांधायला बंदी नाही, पण रस्ता, पूल, पूरविमा यांसाठी केंद्र सरकार दमडी देणार नाही. बांधायचं तर स्वतःच्या जिवावर बांधा. मला हा कायदा फार पटतो.

जागा बघायला गेल्यावर काय बघायचं?

दलाल जागा नेहमी ओहोटीला आणि हिवाळ्यात दाखवतो. तुम्ही जूनमध्ये अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीच्या वेळी जा. पुळणीच्या कडेला माड बघा. समुद्राकडच्या माडांची मुळं हवेत लोंबत असतील, एखाद्या जुन्या कंपाउंडचा पाया उघडा पडून खाली हात घालता येत असेल, तर धूप चालू आहे, कागद काहीही म्हणोत. टेकडीवर मर्यादवेल आहे की बुलडोझर फिरलाय? उपग्रहाचे जुने आणि नवे नकाशे मोबाईलवर शेजारी शेजारी लावून पाण्याची कडा कुठे होती ते तपासा. गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा की त्याच्या लहानपणी पुळण कुठवर होती, आणि विचारताना दलालाला चहा प्यायला पाठवा. बाहेर पडायला रस्ता किती आहेत ते मोजा. बहुतेक ठिकाणी उत्तर एक असतं.

कागदांत सातबारा (गोव्यात एक-चौदाचा उतारा) आणि बिनशेती आदेश तर बघाच, पण त्याहून आधी मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या वर्गात पडतो ते लेखी घ्या. सातबाऱ्यावर वीस गुंठे आहेत आणि मोजणीत चौदा भरतात, असं या पट्ट्यात सर्रास होतं. उरलेले सहा समुद्रात असतात आणि त्यांचे पैसे तुम्ही देत असता.

आम्ही आधीच घेऊन बसलोय. आता?

रिकामा प्लॉट असेल तर बांधायची घाई करू नका. कुंपण काढा, वेल आणि गवत वाढू द्या, वाळू साठू द्या. घर असेल तर त्यावर नवा मजला चढवू नका आणि नवं कर्ज तर मुळीच काढू नका. वीज मीटर, इन्व्हर्टर आणि पंप जमिनीपासून उंच घ्या. विमा असेल तर पॉलिसी काढून नीट वाचा. आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ आणि पूर येतात, पण समुद्राने किंवा नदीने जमीन खाल्ली तर ते नुकसान त्यात धरलेलं नाही. दाव्याच्या वेळी घर वादळाने पडलं की धुपीने, यावरच सगळं अडतं. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर घराच्या चारही बाजूंचे, पायाचे आणि पुढच्या पुळणीचे तारखेसह फोटो काढून बेळगावच्या घरी जपून ठेवा, तिकडच्या कपाटात नको.